सुटे ब्लाउजपीस

“पाठराखीण कोण जाणार गं नवरीबरोबर?” आत्यानं मांडवातून हाक दिली, आणि तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी माझी बॅग घेऊन जीपमध्ये बसलेसुद्धा होते.

“अवंती, शाळा आहे!” आई ओरडली.

“पाच दिवस बुडू दे! ताई काय रोज रोज लग्न करून जाते का?”

सगळे हसले. ताई हसली नाही. ती माझ्या शेजारी येऊन बसली, मुंडावळ्या बाजूला सारल्या आणि जीप फलटणच्या बाहेर पडेपर्यंत मागे बघत राहिली. मग माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, “अवी, शुक्रवारी चार.”

“माहितीये.”

“चारच्या आत. चार म्हणजे चार.”

मी तेव्हा आठवीत होते. घरात वाघ आणि बाहेर मांजर. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर करायचे नाही. (आता दहावीत मला गप्प बसवायला बाई हात जोडतात, पण तो वेगळा विषय.) पाच दिवस परक्या घरी राहायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण ताईला एकटीला पाठवायचं? अशक्य!

शुक्रवारची गोष्ट अशी की प्रणोतीताईला पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत पीएचडीची जागा मिळाली होती. एकच जागा, आणि ती मिळावी म्हणून ताईनं दोन वर्षं जीव टाकला होता. पत्र आलं ते लग्नाच्या आठ दिवस आधी. शुक्रवारी दुपारी चारच्या आत मूळ कागदपत्रं घेऊन स्वतः हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या नावाला. लग्न ठरताना सासरचे म्हणाले होते, “शिकू दे की, आमचं काय म्हणणं न्हाई.” पण तारीख कुणालाच माहीत नव्हती. बाबा म्हणाले, “आता ऐन वेळी आपण फाटे फोडायला नकोत. तिकडं गेल्यावर तूच सांग, वेळ बघून.”

आणि माझंही एक गुपित होतं. मला ताईच्या पीएचडीशी फारसं घेणंदेणं नव्हतं. एमेस्सी करताना ती पुण्यातून दर शनिवारी घरी यायची. शनिवारी चारपासून मी गॅलरीत. मग गच्चीवर तिचे कपडे वाळत घालत घालत ती मला आठवडाभराचं सगळं सांगायची, पेशी, व्हायरस, मेसमधली भेंडी, सगळं एकाच दमात. पुणं आमच्यापासून तीन तासांवर, ताईचं सासर इचलकरंजी कुठल्या कुठं! ताई पुण्याला गेली तर माझे शनिवार परत येणार होते. मला माझे शनिवार हवे होते, बस्स.

ताईच्या सासरी घरामागच्या शेडमध्ये सोळा यंत्रमाग. दिवसभर खटाखट, खटाखट. त्यामुळे त्या घरात प्रेमानं बोललेलंसुद्धा भांडणासारखं ऐकू येतं. मला तर पहिल्या दिवशी वाटलं, सगळे आमच्यावर चिडलेत. ताईच्या सासूबाईंना मी मावशी म्हणायचे. उंच, आडव्या बांध्याच्या, पदर कमरेला. सोमवारी सकाळीच त्यांनी जाहीर केलं, “शुक्रवारी देवीचा गोंधळ. तोवर नव्या नवरीनं वेस ओलांडायची न्हाई. अंगाला हळद हाय अजून.”

ताईनं चहाचा कप तसाच खाली ठेवला.

“सांग ना,” मी स्वयंपाकघरात तिला चिमटा काढला.

“हळद ओली आहे अवी. आल्या आल्या मी पुण्याला चालले म्हणू?”

“दाजींना तरी सांग!”

दाजींना तिनं सांगितलं. दाजी चांगले होते, म्हणजे आहेतच, पण आईसमोर त्यांचा आवाज मागाच्या आवाजात हरवायचा. ते म्हणाले, “गोंधळ झाला की बोलतो. शनिवारी गेलं तर नाही का चालणार?”

“नाही,” ताई म्हणाली.

“एकदा विचारून तरी बघ त्यांना.”

“विचारलंय. नाही.”

मंगळवारी सत्यनारायण. पूजेसाठी माग बंद ठेवलेले, त्यामुळे घर एकदम विचित्र शांत. गल्लीतल्या वीसेक बायका हळदीकुंकवाला आल्या होत्या. ताई हिरव्या शालूत, स्वतःच्या हातानं प्रसादाचा शिरा वाढत होती. एका काकूंनी मावशींना विचारलं, “नवी सून काय शिकलीया?”

“एमेस्सी.”

“कशात?”

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मग सगळ्याच बायकांनी बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या मोठ्या माणसांना माझ्याकडून काहीतरी हवं होतं! मला काय झालं कोण जाणे, मी सुटलेच.

“मायक्रोबायॉलॉजीत! ताई व्हायरसवर काम करते. पण साधा सर्दीचा नाही हं. हा एकदा अंगात शिरला की मरेपर्यंत जातच नाही. रक्तात गप्प लपून बसतो. कधीकधी तर त्यानं कॅन्सरपण होतो!”

“आगं बया! आणि ही त्याला हात लावती?”

“हात काय, ताईच्या अंगातच आहे तो! लॅबमध्ये सगळ्यांनी आपापलं रक्त तपासलं होतं, त्यात सापडला.”

आणि नेमके त्याच क्षणी मागे माग सुरू झाले. पूजा उरकली म्हणून कुणीतरी बटण दाबलं असणार. पुढचं वाक्य मी बोलले, खरंच बोलले, की तो दहातल्या नऊ माणसांत असतो, बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही, तुमच्यातही असेल. पण खटाखटीत ते कुणालाच ऐकू गेलं नाही. मला फक्त एवढं दिसलं की त्या काकूंनी तोंडाकडे नेलेला शिऱ्याचा घास परत द्रोणात ठेवला. मग शेजारणीनं ठेवला. ताई पातेलं घेऊन पुढे सरकली तर तिसरीनं हात आडवा धरला. “नको बाई, उपास हाय.” सत्यनारायणाच्या प्रसादाला उपास!

संध्याकाळी ताईचा पेला वेगळा झाला. त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका. टॉवेलसाठी वेगळी खुंटी. ताईच्या मोठ्या जाऊ, सुवर्णावहिनी, ठिपका वाळायला पेल्यावर फुंकर घालत म्हणाल्या, “मनावर घेऊ नगं गं. लहान पोरं हायत घरात, म्हणून.”

दाजी आईशी बोलायला गेले आणि पाच मिनिटांत परत आले. “आई म्हणते, शनिवारी डॉक्टरकडं जाऊन येऊ.”

खोलीचं दार लावून ताई माझ्यावर तुटून पडली. “दहातल्या नऊजणांत असतो, हे आधी सांगायचं की नाही?”

“सांगितलं गं! माग सुरू झाले!”

“मग ओरडायचं!”

“ओरडलेच होते!”

ती हसेल असं वाटलं मला. ती पलंगावर बसली आणि हातातल्या हिरव्या चुड्याकडे बघत राहिली. “उद्या सांगणार होते आईंना. सगळं ठरवलं होतं, कसं बोलायचं ते. आता कुठल्या तोंडानं सांगू?”

बुधवारी ती खोलीबाहेर फारशी आलीच नाही. सकाळी अकराच्या सुमारास खिडकीत उभी होती. मी जवळ गेले तर म्हणाली, “आत्ता लॅबमध्ये पेशींना खायला घालायची वेळ झाली असेल.”

“कुणीतरी घालेल की.”

“घालेल.” मग गजावरून बोट फिरवत, “माझ्या बाटलीवर मी प्र लिहायची. पुसला असेल आता.”

मला तिच्याकडे बघवेना. शनिवार, गॅलरी, गच्ची, सगळं डोक्यातून गेलं. इतकी जवळ होती माझ्या, माझ्या खांद्याला तिचा खांदा लागत होता, आणि तरी ती तिथं नव्हतीच.

गुरुवारी दुपारी जेवणं झाल्यावर मावशींनी सोप्यात सतरंजी अंथरली आणि आहेराच्या साड्यांचं गाठोडं सोडलं. त्या घरची रीत अशी की सुनांना आहेराची प्रत्येक साडी जोडीनं घ्यायची. तोच रंग, तोच काठ, दोन नग. एक मोठीला, एक धाकटीला. रुसवेफुगवे नकोत! मावशी मधे बसल्या. उजवीकडे सुवर्णावहिनी. डावीकडची जागा ताईची, पण ताई लांब, दाराच्या चौकटीशी. म्हणून तिच्या वाटणीच्या साड्या मी घेत होते. मावशी जोडी उचलायच्या, साड्या अलग करायच्या, एक इकडे, एक तिकडे. आंबा कलर, इकडे, तिकडे. मोरपंखी, इकडे, तिकडे. वहिनी आणि मी आपापल्या बाजूला ओढून चळत रचत होतो.

गाठोड्यात ओटीतले सुटे ब्लाउजपीसही होते. त्यांना ना साडी ना जागा. चळत उचलली की सुळकन घसरून सतरंजीवर.

“थांबा आत्ती,” वहिनी मावशींना म्हणाल्या, “ह्यास्नी पिना लावू. माझ्या लग्नात असंच सुटे ऱ्हायले नि तीन पीस गेले. सुटा पीस कुणाचाच न्हवं.” आणि गळ्यातल्या मंगळसूत्राला अडकवलेल्या पिना काढून त्यांनी एकेक पीस हाताला येईल त्या साडीला टाचायला सुरुवात केली.

मी बघत होते. आणि मग मी एवढ्या जोरात किंचाळले की मावशींच्या हातातली साडी पडली.

“हेच! हेच करतो तो व्हायरस!”

“कोन?”

“तो! ताईचा! मावशी, थांबा, थांबा, तुम्ही आत्ता जे करताय ना, तेच आपल्या अंगात चालतं. आपली पेशी असते ना, एवढीशी, ती एकीच्या दोन होते. म्हणजे घर वाटल्यासारखं. आधी आतलं सगळं सामान जोडीनं तयार करते. ह्या साड्यांसारखं! मग दोन्ही बाजूंनी दोरे येतात, प्रत्येक साडीला पकडतात आणि ओढतात. एक इकडे, एक तिकडे. बरोबर?”

“बरं.”

“पण व्हायरस म्हणजे हा पीस. पाहुणा! दोरे त्याला पकडतच नाहीत. मग तो काय करतो? पिन लावतो! साडीला टाचून घेतो स्वतःला. साडी ओढली की हाही आपोआप नव्या घरात. आणि जाण्याआधी स्वतःचाही जोड करून ठेवतो, म्हणजे दोन्हीकडे एकेक. कुणाला कळत नाही, काही नाही. आणि हा सगळ्यांत असतो, मावशी. दहातल्या नऊ माणसांत! परवा मी हेच ओरडत होते, पण तुमचे माग!”

“सगळ्यांत म्हंजे?” मावशींनी डोळे बारीक केले. “माझ्यात?”

“असणारच!”

“मला न विचारता?”

वहिनी खुदकन हसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं. “म्हंजे माझ्यात बी?”

“तुमच्यातही, दाजींच्यातही, त्या उपासवाल्या काकूंच्यातही! लहानपणी कधीतरी साधा ताप येतो, तेव्हाच शिरतो तो. कॅन्सर हजारोंत एखाद्याला. बाकीच्यांत तो नुसता आपल्या डीएनएत घुसून बसलेला असतो.”

“घुसत नाही.”

चौकटीशी बसलेली ताई बोलली होती. दोन दिवसांत पहिल्यांदा सगळ्यांसमोर.

“घुसत नाही अवी, किती वेळा सांगितलंय. त्याचा डीएनए वेगळाच असतो. गोल, बांगडीसारखा.” ती गुडघ्यांवर पुढे सरकली. वहिनींच्या हातातली पिन घेतली. “तो साडीत स्वतःला शिवून घेत नाही. नुसता टाचतो. हे बघा आई. एक प्रोटीन असतं त्याच्याकडं. एका टोकानं बांगडी धरतं, दुसऱ्या टोकानं साडी. बाकी सगळं काम तो बंद ठेवतो. वीस-तीस वर्षं, पन्नास वर्षं. फक्त ही पिन तेवढी बनवत राहतो.”

“आणि कधी पिन चुकली तर?” वहिनींनी विचारलं.

“चुकते की! कधी दोन्ही पीस एकाच बाजूला जातात. मग दुसऱ्या बाजूची पेशी मोकळी.”

ताईचा पदर घसरला होता, लक्षच नव्हतं तिचं. तिनं सतरंजीवर सात साड्या, चार पीस मांडले, ओढून दाखवले, परत मांडले. हात नाचत होते, चुडा वाजत होता. गच्चीवरची माझी ताई! मावशी तिच्या हातांकडे बघत नव्हत्या. त्या तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

मग त्यांनी एक टाचलेला पीस उचलला, त्याची पिन उघडली, आणि पीस खाली पडू दिला.

“आणि असं मुद्दाम कुणी पिन सोडवली तर? पडंल का त्यो?”

ताईनं तो पडलेला पीस उचलला. तिचे डोळे एकदम भरून आले.

“तेच शोधायचंय मला, आई,” ती म्हणाली. “तेवढंच.”

मागे खटाखट चालूच होती.

“कुठं शोधायचं?”

मी तोंड उघडलं. ताईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, म्हणून मिटलं.

“पुण्याला. जागा मिळालीय. उद्या चारच्या आत हजर व्हायचंय, नाहीतर गेली.”

“उद्या? आन् हे आज सांगतीस?”

“उद्या गोंधळ आहे. आणि हळद...”

“मला काय वाघ समजलीस व्हय गं?” मावशी कडाडल्या. मग उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या. आतून भांडं घासल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हातात तो पेला होता. अर्धा ठिपका खरवडलेला, अर्धा तसाच. त्या त्यातून घटाघटा पाणी प्यायल्या, आमच्या सगळ्यांसमोर.

“मंगळवार बी देवीचाच वार हाय. गोंधळ मंगळवारी. पर हळदीच्या अंगानं एकली जायची न्हाई तू. म्या येनार संगं. बघते तरी, काय लपून बसलंय माझ्यात.”

मी नाचले. खरंच सतरंजीवर नाचले, साड्यांच्या मधे. “मीपण! मी पाठराखीण आहे!”

“तू आता घरला,” मावशी म्हणाल्या. “तुझे पाच दिस झाले. साताऱ्याला सोडू तुला, वडलांस्नी बोलवून घे.”

शुक्रवारी निघायला साडेनऊ झाले. मावशींनी जीपवरून लिंबू ओवाळलं, फोडलं, मग वेशीतल्या मारुतीला नारळ. ताई दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होती. कराडच्या आधी रस्त्याचं काम, अर्धा तास तिथं गेला. दाजी गाडी चालवत होते, मावशी पुढे. मागे आम्ही दोघी. मांडीवर कागदांची फाईल धरून ताई म्हणाली, “हॉस्टेलला राहीन. सुट्टी मिळाली की इचलकरंजी.”

“आणि शनिवारी?”

“शनिवारी लॅब असते आता. पीएचडीला शनिवार नसतो अवी.” मग माझ्याकडे न बघता, “दिवाळीला येईन ना. पाडवा इकडं, भाऊबीज तिकडं.”

मला हे आधी का सुचलं नव्हतं कोण जाणे. मी खिडकीबाहेर बघायला लागले. उसाच्या बैलगाड्या जात होत्या. ताईनं तिचा हात माझ्या हातात दिला तो साताऱ्यापर्यंत तिथंच होता.

साताऱ्याला पोचलो तेव्हा एक वाजत आला होता. स्टँडच्या बाहेर रस्त्यापलीकडे बाबा उभे, हातात दोन पिशव्या. एकीतून डब्याचं झाकण दिसत होतं. आईनं ताईसाठी काहीतरी दिलं असणार. मधे वाहनांची रीघ. दाजींनी जीप कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं.

मी उतरले. ताईनंही पाय खाली टाकला. “बाबांना भेटून येते, एकच मिनिट.”

“ये जाऊन, पर लगेच,” मावशी म्हणाल्या.

एक मिनिट! मला माहीत होतं आमच्याकडचं एक मिनिट. बाबा रडणार. ताई रडणार. डबा उघडणार, एक घास खा म्हणणार. मी ताईच्या कमरेला मिठी मारणार, आणि मग कुणाची टाप आहे सोडवायची? मी ताईकडे बघितलं. तिनं फाईल काखेत धरली होती आणि ती बाबांकडे बघून हात हलवत होती, लहान मुलीसारखी.

“आत बस,” मी म्हणाले.

“काय?”

“बस आत. अजून अडीच तास आहेत पुण्याला.”

“अवी...”

मी तिचा पाय उचलून आत ठेवला. शालू नीट केला, म्हणजे दारात अडकू नये. दार ओढलं. पहिल्यांदा नीट लागलं नाही. जीपचं दार जड असतं. मी दोन्ही हात लावले, अंग टाकलं, आणि लावलं. काचेवर थाप मारली. “दाजी, चला!”

जीप निघाली. मागच्या काचेतून ती वळून बघत होती, वळणापर्यंत.

बाबा वाहनं चुकवत धावत आले. धापा टाकत होते. “अगं, उतरली नाही ती? मी हात केला होता. बघितलं नाही का तिनं?”

“बघितलं.”

“मग?”

“मी उतरू दिलं नाही,” मी म्हणाले आणि त्यांच्या हातातली डब्याची पिशवी माझ्याकडे घेतली. अजून गरम होती.